नाव सांगितलं की गुण जातो

बा, काल आमच्या प्रयोगशाळेत यीस्टने तुझ्या झाडाचं औषध केलं. यीस्ट म्हणजे मोहाच्या मडक्यात ज्याच्यामुळे फसफसायचं, तेच. झाड ज्यांच्या जोरावर औषध बनवतं ती जनुकं आम्ही यीस्टमध्ये घातली, साखर पाजली आणि वाट बघत बसलो. बरीच वर्षं ते ढिम्म हललं नाही. काल यंत्राने दाखवलं, आहे. थोडंच आहे, पण आहे. सगळ्यांनी पेढे मागवले आणि मला तू आठवलास.

सिद्धगडाच्या पायथ्याशी मी तुझ्यामागे चालतेय. तू झाडाच्या एकाच बाजूची तळहाताएवढी साल काढतोस आणि जखमेला शेणमाती लावतोस. मी विचारते, "बा, याला काय म्हणतात?" "नाव सांगलं का गुण जातो, गो. मुकाट चल." पुढे मुरबाडच्या शाळेत शास्त्र शिकायला लागले आणि तुझ्याशी हुज्जत घालायला लागले. गुण सालीत असतो, नावात कसा असेल? तू हसायचास. "शिक तू. मंग सांग मला." त्या 'मंग सांग'नेच मला इथवर आणलं.

तू गेल्यावर कुणीतरी ते नाव फोडलं. शहरात त्या सालीपासून मोठ्या दुखण्यावरचं औषध बनतं, हे बाजाराला कळलं. सालीने भरलेले टेम्पो शहापूरकडे जायला लागले. सोलायला आपल्याच वाडीतली माणसं होती. त्यांना काय बोलणार, पोट कुणाला चुकलंय? झाडं उभ्या उभ्या वाळली. मी तिथे बसून रडले. तू म्हणायचास ते असं खरं होतं तर. नाव बाहेर पडलं, की गुणासकट झाडच जातं.

ओढ्यापलीकडचं एक अजून उभं आहे. तू लावलेल्या शेणमातीखाली त्याची साल केव्हाच भरून आलीय. हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी. काल बाटलीत झालं ते आता मोठ्या टाकीत व्हायला हवं, आणि ते मी करणारच. एकदा तिथे औषध पिकायला लागलं, की कोयता घेऊन डोंगर कोण चढेल? मग नाव चावडीवर ओरडून सांगू दे कुणालाही, झाडाला धक्का लागायचा नाही.

वाद मी जिंकले, हे तुला सांगायला बसले होते. हा कागद कुठे जायचा नाही, कुणी वाचायचा नाही. तरी बघ, एवढं सगळं लिहिलं, पण झाडाचं नाव काही माझ्या हातून लिहवलं नाही.