देवळावरची पुराची खूण

मुंडेन, जर्मनी
ज्येष्ठ शुद्ध ५, शके १८५३

तीर्थरूप आईच्या चरणी अंबूचा दंडवत.

आम्ही दोघे सुखरूप आहोत. यांचे जंगलखात्याचे शिक्षण नीट चालले आहे. दादाचा खोकला थांबला का?

हे गाव आपल्या महाडासारखेच दोन नद्यांच्या संगमावर आहे. काल इथल्या ख्रिस्ती देवळाच्या भिंतीत कोरलेली पुराची खूण पाहिली. सहाशे वर्षांपूर्वीचे पाणी गो! मी हात जोडून उभीच राहिले. घरमालकीण हसली. म्हणाली, "हात मागाहून जोड. नदी चढली की आम्ही आधी माडी चढतो."

मला तूच दिसलीस. गेल्या श्रावणात सावित्रीचे पाणी कमरेला लागले, तरी ओटीचे ताट घेऊन उंबऱ्यात उभी! "माहेरवाशीण दारी आली, रिकामी कशी धाडू?" दादाने ओढून नेले नसते तर?

यंदा सावित्रीची ओटी आषाढातच नदीच्या घाटावर जाऊन भर. पाणी अंगणात दिसताच देव घेऊन काकूंच्या माडीवर जा.

नदी रागावेल म्हणशील. मी आज इथल्या शांत नदीची ओटी भरली. नारळ मिळेना, म्हणून सफरचंद घातले. तेही तिने गोड मानून नेले. नद्या समजूतदार असतात, आई. तूही हो.

तुझी लेक,
अंबू