हात कोण पाहते

यवतमाळ, रविवार संध्याकाळ. दिवाळी होऊन आठवडा झाला.

किळस आली आहे. आईची, आणि आईपेक्षा माझी जास्त.

धाकट्या भावासाठी आर्णीला मुलगी पाहायला गेलो. पोहे घेऊन आली ती सुनंदा. मी ज्या स्किन क्लिनिकमध्ये काम करते तिथे चेहऱ्यावरच्या काळ्या डागांसाठी लेझरला येणारी, चार सिटिंग झालेली. या लेझरने जखम होत नाही, टिचक्या मारल्यासारखं लागतं फक्त. पण लेझरच्या उजेडापासून वाचवायला डोळ्यांवर झाकणं चढवली की ती घाबरून माझा हात धरते.

तिने मला ओळखलं. मी नजर काढून घेतली.

आई तिचा चेहरा पाहून खूश झाली. मग म्हणाली, "हात दाखव बरं बाई." कापूस वेचून काळे पडलेले, बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेले हात. आईने ते उलटेसुलटे करून पाहिले, बाजारात वांगी पाहावी तसे.

डॉक्टरांनी तिला उन्हात जायचं नाही म्हणून सांगितलं होतं. "वेचाले तर जावंच लागते, ताई," ती म्हणाली होती. मीच शहाणी. म्हटलं, "तोंड बांधून जा. हात कोण पाहते?"

परतताना बसमध्ये आईने विचारलं, "तोंड एवढं उजळ अन् हात असे काहून?" मी गप्प राहू शकत होते. सांगून टाकलं लेझरचं. का सांगितलं? आई म्हणाली, "म्हणजे आपल्याले फसवून राह्यलते." तिथेच नकार ठरला.

उद्या सकाळी तिची पाचवी सिटिंग आहे. आली, तर झाकणं मलाच चढवायची आहेत. आणि डोळे झाकले की ती हात पुढे करेल.