न्हाणीघरातला लाल नळ

यामिलेत बाळा,

न्हाणीघरातला नळ दुपारपर्यंत सोडू नकोस. भिंतीतला तांब्याचा पाइप थेट लोखंडी पाइपाला जोडला होता, त्यामुळे लोखंड गंजून चाळण झालं होतं. आता मध्ये प्लास्टिकचा जोड बसवलाय.

“कुठल्या गाढवानं जोडलं हे?” म्हणून काल मी योर्दानिसवर ओरडलो. जावई असला तरी त्याची माफी मागतो. आज उघडून पाहिलं, जुन्या जोडावर सुतळी गुंडाळायची पद्धत माझीच.

तुझी आई सारखी म्हणायची, “एवेलिओ, पाणी लाल येतंय रे.” मी म्हणायचो, “तुझेच डोळे लाल असतील.” ते खरंच लाल असायचे. का, ते मी कधी विचारलं नाही.

काळ्या घेवड्याचा भात झाकून ठेवलाय. मी दफनभूमीत तिच्याजवळ बसायला जातोय. माझ्यासाठी थांबू नका, जेवून घ्या.

पप्पा