दोन सर्व्हरमधलं अंतर

३ जून
दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं सगळं जावा ॲप्लिकेशन एकाच सर्व्हरवर कोंबलेलं आहे. आज साहेबांना सांगितलं: स्क्रीन दाखवणारा कोड एका सर्व्हरवर हवा, नियम सांभाळणारं बिझनेस लॉजिक दुसऱ्यावर. साहेब म्हणाले, जमवून दाखवा, टीम लीडची जागा रिकामीच आहे. समोरच्या टेबलावरचा दाढीवाला म्हणाला, अगं, चाललंय ते चालू दे की! लीड झाल्यावर त्याला डॉक्युमेंटेशन लिहायचं रटाळ काम द्यायचं.

६ जून
वेगळं करून झालं. स्क्रीनचा कोड फारसा बदलावा लागला नाही. पूर्वी तो पेशंटचं नाव, वय, फोन असं एकेक मागायचा. आताही मागतो, फक्त दुसऱ्या सर्व्हरकडे. कागदावर दोन सर्व्हरची आकृती देखणी झाली आहे.

१० जून
पेशंटचं पान उघडायला वेळ लागतो. नेटवर्क. दुसरं काय? नेटवर्कवाला म्हणतो, ठणठणीत आहे. म्हणणारच.
दाढीवाल्याने न विचारता सल्ला दिला. मिठाला एक खेप, साखरेला दुसरी, असं कोण दुकानात जातं? यादी करून एकदम आण ना. किराणा वेगळा, आर्किटेक्चर वेगळं. हे त्याला सांगितलं नाही. मी वाद घालत नाही.

१२ जून
दुसऱ्या सर्व्हरची मेमरी वाढवली. फरक नाही. आई फोनवर म्हणाली, आधी चालत होतं ना गं? आईशी कामाचं बोलायचं नाही. आजपासून.

१३ जून, दुपार
पान उघडेपर्यंत फिरणारं चक्र बसवलं. निळं. काहीतरी होतंय असं दिसलं की माणूस कुरकुर करत नाही.

१७ जून
दवाखान्यात साहेबांसमोर चाचणी. रिसेप्शनच्या बाईंनी पेशंटचा नंबर टाकला. चक्र फिरू लागलं. बाईंनी एक फोन घेतला, समोरच्या आजोबांना बसायला खुर्ची दिली, पेन शोधलं आणि त्यांचं नाव कागदावर लिहून घेतलं. मग मला म्हणाल्या, ताई, चक्र मात्र गोड आहे हो.
डिझाइन आवडलं.
परत येताना साहेब गाडीत रस्ताभर कपाळ चोळत होते. बढतीचा विचार चालला असावा.

१८ जून
मी दाताच्या डॉक्टरांकडे गेले, तेवढ्यात साहेबांनी माझा कोड दाढीवाल्यापुढे ठेवला. त्याने पेशंटची सगळी माहिती एकाच मागणीत आणवली. दोन्ही सर्व्हर जिथल्या तिथे आणि पान टिचकीसरशी उघडतं. म्हणजे वेगळं करण्याचा माझा निर्णय बरोबरच होता. हे साहेबांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, हो हो.

२० जून
दाढीवाला टीम लीड झाला. साहेबांनी आम्हाला एकाच टेबलावर बसवलं आहे. म्हणाले, काही करायच्या आधी त्यांना विचारत जा.
व्यवस्था तात्पुरती आहे. टेबलाच्या मधोमध हद्द म्हणून पाण्याची बाटली ठेवली आहे.