सौम्य शिक्षा नको

१२ जून
चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.
शाळेची बस आगाराच्या फाटकात आडवी लावलीस, एकही गाडी बाहेर जाऊ दिली नाहीस, आणि वर विचारतेस, माझं काय चुकलं! ब्रेक लागत नसतीलही. पण तुझी ड्रायव्हरची नोकरी जात होती, म्हणून तुला न विचारता मी तुझ्या साहेबांकडे अर्ज दिला, की आई गेल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही. आम्ही वकील याला मिटिगेशन म्हणतो. कृत्य नाकारायचं नाही, फक्त त्याची धार बोथट करायची. काम झालं. बडतर्फीऐवजी महिनाभर घरी बसायचं. आता तोंडाला कुलूप लाव. वहिनीने तुला स्वेटर विणलाय. एक बाही लांब झालीय, चालवून घे.
तुझ्या काळजीने अर्धा झालेला,
दादा

१८ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि.
बाही चालवून घेतली, अर्ज नाही घेणार. आईला मध्ये आणायला नको होतंस. तिचं दुःख आहेच, पण त्या सकाळी मी पूर्ण शुद्धीत होते. पेडल तळाला टेकलं तरी गाडी थांबेना, शेवटी हँडब्रेक ओढला. आगारातला मेकॅनिक म्हणाला, सगळ्याच गाड्यांची हीच रड आहे. म्हणून फाटक अडवलं. आता माझं डोकं बिघडलेलं ठरलं, म्हणजे ब्रेक नीट ठरले. त्याच गाड्या रोज मुलं भरून निघताहेत. सौम्य करायचाच तर तो धोका सौम्य कर, माझी शिक्षा नको. अर्ज मागे घे, नाहीतर माझा भाऊ थापा मारतो असं मीच जाऊन सांगेन. वकील आहे म्हटल्यावर लगेच पटेल त्यांना.
रागावले आहे, तरी माया आटू देऊ नकोस.
ठकू

२३ जून
चि. ठकूस,
अ. आ.
अर्ज मागे घेतला. चौकशी पुन्हा होईल. माझी त्याच दिवशी कोर्टात तारीख आहे, येता येत नाही याचं फार वाईट वाटतं. आईसारखीच हट्टी आहेस. जे खरं ते सांग, मऊ करू नकोस.
दादा

५ जुलै
ती. दादास,
सा. न. वि. वि.
साहेबांनी विचारलं, चूक कबूल आहे का. मी म्हणाले, "नाही. त्याच बसमध्ये तुम्ही पुढे बसा, मी उतारावरून नेते." साहेब काही बसले नाहीत. मेकॅनिकने तेवढ्यात तोंड उघडलं, सगळ्याच गाड्यांचे ब्रेक गेलेत म्हणाला.
मला बडतर्फ केलं, फाटक अडवल्याबद्दल. रडले, खोटं कशाला सांगू. पण सगळ्या गाड्या दुरुस्तीला उभ्या आहेत. आज मुलं माझ्या खिडकीखालून चालत शाळेत गेली, दप्तरं ओढत, मला शिव्या घालत. कोपऱ्यावरच्या शाळेच्या दारापर्यंत बघत उभी राहिले. सगळी पोचली.
बिनकामाच्या बहिणीवर लोभ थोडा जास्तच ठेव.
ठकू