गरम पिशवीवर पाळत

१४ जुलै, सोमवार. दुपारी ३
धानाच्या रोवण्याचा पहिलाच दिवस अन् घात झाला. शेताच्या धुऱ्यावर छत्री धरून, रोपं लावणाऱ्या बायांच्या कामावर लक्ष ठेवून होतो. पाय सटकला. कंबर गेली. नेमका मी उभा राहतो तिथंच चिखल काहून होता? धुऱ्यापलीकडची बांधी शेजारच्या टिकारामची आहे. लक्षात ठेवलं आहे.

गुंजनले फोन केला. पोरगी नागपूरले नर्सिंग शिकते. म्हणे, बाबा, पहिले दोन दिवस बर्फ, कापडात गुंडाळून, वीस-वीस मिनिटं. मंग गरम पिशवी. अन् पडून नका राहू, चालत राहा. हे शेवटचं तिले तिच्या आईनं शिकवलं असावं.

१५ जुलै, मंगळवार
बर्फ लावला. कापड राहिलं. कातडी लालभडक. कापडाचं पोरीनं जरा जोरात सांगायले पाहिजे होतं.

दुपारी लाईन गेली, फ्रीजमधल्या बर्फाचं पाणी झालं. टिकाराम लगेच बर्फ घेऊन हजर. याले कोणी सांगितलं? कारध्याच्या पुलाजवळच्या मासोळीवालीकडून आणला म्हणे. कंबरेले बोडीतल्या मासोळीचा वास येऊन राहिला. मांजर दारात बसून माझ्याकडंच पाहून राहिली.

चंद्रकलाच्या रोवणाऱ्या टोळीतल्या दोन बाया दुसऱ्याच्या रोवण्याले गेल्या. पऱ्ह्यातली रोपं जून होऊन राहिली, रविवारपर्यंत सारी चिखलात गेली पाहिजेत, नाहीतर यंदाचं पीक बसलं. गुंजनची आई शकुंतला म्हणे, मी उतरते बांधीत. उतर म्हटलं. तिले सवय आहे.

१६ जुलै, बुधवार
बर्फाचा दुसरा दिवस. मांजरही आली.

१७ जुलै, गुरुवार. संध्याकाळी ७.१०
आजपासून शेक. लाल रबरी पिशवी. झकास वाटलं. चार वाजता रिकामी करून खुंटीले टांगली. आता सातले हात लावला तं कोमट!

तीस वर्षं जवाहरनगरले फॅक्टरीच्या गेटवर लोकांचे डबे तपासले. हा हात फसत नाही. माझ्या पिशवीवर कोणीतरी शेकून राहिलं आहे.

१८ जुलै, शुक्रवार
संशयित: १) टिकाराम. गुडघे दुखतात म्हणते. पानठेल्यापर्यंत चालत जाऊन चौकशी केली, तं तो दोन दिवसांपासून तुमसरले, बहिणीकडं. पक्कं ठरवूनच गेला असंल. २) चंद्रकला. उद्याच्या कामाचं विचारायच्या निमित्तानं रोज संध्याकाळी घरात येते.

पिशवीच्या बुचाले काळा दोरा बांधून ठेवला. संध्याकाळी दोरा तुटलेला. शकुंतलेले विचारलं. म्हणे, उंदीर असंल. उंदीर बूच फिरवते काय? चोराले ही पाठीशी घालून राहिली.

संकल्प: उद्या रंगेहाथ पकडणार. रविवारी स्वतः बांधीत उतरून रोवणा संपवणार. (कंबर पाहून.)

१९ जुलै, शनिवार. रात्री ८.३०
सहाले पानठेल्यावर चाललो म्हणून जोरात सांगितलं अन् मागच्या दारानं येऊन तांदळाच्या कोठीमागं लपलो. कोठीमागं जागा कमी. पाऊण तास उकिडवा.

शकुंतला आली. पाय धुतले. चुलीवर पाणी ठेवलं. हात पाण्यानं पांढरेफटक, बोटं सुरकुतलेली. पिशवी भरली अन् खाली चटईवर पालथी पडली, पिशवी कंबरेवर. तोंड चटईत खुपसून आई वं, आई वं म्हणत होती. हळूच, कोणी ऐकू नये म्हणून. माझ्या घड्याळात पाच मिनिटं झाली. उठली, पिशवी रिकामी केली, पुसली, खुंटीले टांगली. मंग माझ्यासाठी भात मांडायचा म्हणून तांदूळ घ्यायले कोठीकडं आली.

म्हणे, इथं काय करून राहिले? मी म्हटलं, उंदीर पाहून राहिलो.

ती हसली नाही. मलेच उठता येईना, तिनं दोन्ही हातांनी ओढून काढलं. विचारलं, वीस मिनिटं काहून नाही ठेवत? म्हणे, मंग भात कोण मांडते? मले सांगायचं होतं म्हटलं. म्हणे, तुमची पिशवी, तुमचं दुखणं, अन् तुम्ही तं दोरे बांधून राहिले.

लई शरम वाटली. एक गोष्ट इथंच लिहितो, कोणाले सांगणार नाही: माझी कंबर बुधवारीच बरी झाली होती.

२० जुलै, रविवार. संध्याकाळी ७
बांधीत उतरलो. शकुंतलेले धुऱ्यावर बसवलं, छत्रीसकट. बाया खूप हसल्या. माझी पहिली ओळ चंद्रकलानं उपटून परत लावली. दुसरीही. तिसरी तशीच राहू दिली, कोपऱ्यात होती म्हणून. रोवणा संपला. शेवटच्या मुठीले वाकलो ते वाकलोच. चौघींनी धरून घरी आणलं.

तरी पिशवी मीच भरली, भिंतीले धरून. शकुंतलेच्या कंबरेवर ठेवली. घड्याळ लावून पूर्ण वीस मिनिटं. झोप लागली तिले.

जागी झाल्यावर म्हटलं, आता मले दे. तिनं गुंजनले फोन लावला. दोघींचं ठरलं: दुखणं ताजं आहे, पहिले दोन दिवस बर्फच.

लाईन गेलेली आहे. टिकाराम तुमसरवरून परतला, कारध्यावरून बर्फ घेऊनच आला. मांजर माझ्या आधी येऊन बसली आहे.