दुकानापुढची रांग

ता. १४, रविवार

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे. खोकला गेला. खोलीत आम्ही पाच जण आणि ढेकूण, त्यातले ढेकूण तेवढे बाळसं धरतायत. आईच्या डोळ्यांचं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस. सगळं पत्र टोप्यांनी भरलंस.

का भाऊजींनी भरायला लावलं? 'आपल्या भागात टोप्यांच्या धंद्याची झपाट्याने वाढ होत असून ग्राहकांची मागणी पुरी करता येत नाही' असलं वाक्य तू जन्मात लिहिणार नाहीस. मला ते पाठ आहे. आमच्या कंपनीत एक साहेब आहे, दर दोन शब्दांमागे वाढ वाढ करतो. आम्ही त्याला वाढसाहेबच म्हणतो. भाऊजींच्या तोंडून तो बोलतोय. भाऊजींचं स्वतःचं त्यात काही नाही, नेहमीप्रमाणे.

रागावू नको. पुढे वाच.

मागणी वाढली म्हणे. डोकी तर तेवढीच आहेत ना गं? का तुमच्या गल्लीत एकेकाला दोन-दोन फुटलीत? मी आधी कंपनीच्या कारखान्यात इस्त्रीवर होतो, या टोप्या माझ्या हाताखालून गेल्यात. पुढची चोच पुठ्ठ्याची. घामाने भिजली की नाकावर लोंबते. रंग तर असा की टोपी काढली तरी कपाळावर राहते. आणि तरी माणसं घेतात. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेतात. आरशात बघून हनुवटी अशी वर करतात, जसं काही डोक्यात आत्ताच काहीतरी येऊन बसलंय.

पण अशी घेणारी माणसं तरी कितीशी? भाऊजींना जेवढी वाटतात तेवढी मुळीच नाहीत.

आता तुझ्या पत्रातलं खालचं, बारीक अक्षरात लिहिलेलं. एजन्सीची अनामत भरायला तुझं शिलाई मशीन विकायचं, पुढच्या खोलीत टोप्यांचं रॅक लावायचं. वा! ज्या मशीनवर घर चालतं ते घराबाहेर, आणि ज्यांनी एक धंदा धड चालवला नाही ते गल्ल्यावर. तू लिहितेस, 'त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी रांग बघितली, दुकान उघडायच्या आधीपासून लागली होती.'

बघितली, मला माहीत आहे. तीच रांग मीही बघितली आहे. जरा जवळून.

मी तुला कळवलं होतं ना, की मला विक्रीच्या कामावर घेतलं, बाहेरगावी फिरायला मिळतं, आणि तू ते सगळ्या गल्लीला सांगितलंस? ते काम कसलं ते ऐक. नवा एजंट झाला की दुकान उघडायच्या दिवशी कंपनी आम्हाला गाडीत घालून नेते. उजाडायच्या आत दुकानापुढे उभं करते. टोपीचे पैसे आमच्या हातात तीच देते. टोपी घ्यायची, कोपऱ्यावर गाडीतल्या पोत्यात टाकायची, शर्ट बदलायचा, परत रांगेत. गाडीवाला ओरडतो, "ए, बटणं लाव नीट, गिऱ्हाईक आहेस तू!" आमच्यात एक म्हातारा आहे, त्याला सगळे मामा म्हणतात. त्याचं काम एकच, मागून ओरडायचं, "संपल्या तर नाहीत ना हो?" त्याला आमच्यापेक्षा जास्त पैसे मिळतात. कला आहे ती, असं तो म्हणतो. मी म्हटलं, "मामा, लाज नाही वाटत?" तर म्हणे, "वाटते की. पण रांगेत उभं राहिलं की वाटून घेता येते."

संध्याकाळपर्यंत दुकान रिकामं. एजंट हरखतो, तिप्पट माल मागवायच्या कागदावर सही करतो. तो माल कंपनी परत घेत नाही. आम्ही पोत्यात भरलेल्या टोप्याच त्याच्याकडे परत जातात. दुसऱ्या दिवशी रांग नसते. ही त्यांची वाढ.

मागच्या महिन्यातला एक एजंट सायकली दुरुस्त करायचा. पंप, पान्हे, सगळं विकून टोप्या मांडल्या होत्या त्याने. आम्हाला तांब्याने पाणी दिलं बिचाऱ्याने. "दमानं घ्या, सगळ्यांना मिळेल," म्हणत होता. मी तिसऱ्यांदा समोर आलो तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "घरच्यांसाठी पण नेताय वाटतं? छान छान." मी हो म्हटलं. परवा त्या रस्त्याने गाडी गेली. टोप्या तशाच टांगलेल्या, उन्हाकडच्या बाजूने पांढऱ्या पडलेल्या. तो दारात बसून एका पोराच्या सायकलची चेन दगडाने ठोकत होता.

आता जे इतका वेळ टाळतोय ते लिहितो.

एजंट व्हायला निघालेल्यांना आधी दुसऱ्याच्या दुकानाची रांग दाखवायला आणतात. त्या सायकलवाल्याच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, वाढसाहेबाच्या शेजारी भाऊजी उभे होते. तू शिवलेला निळा शर्ट घालून. बोटाने रांग मोजत होते. ओठ हलत होते. माझ्यावरही बोट ठेवलं त्यांनी, ताई, मोजलं, आणि पुढच्यावर गेले. मी माझी जुनी टोपी डोळ्यांवर ओढली. चार ढांगांचा रस्ता होता. ओलांडून नुसतं "भाऊजी, चला घरी" म्हटलं असतं तरी झालं असतं. मी पुढे सरकलो आणि टोपी घेतली.

का गेलो नाही, ते मला विचारू नको. गाडीवाला बघत होता, हे एक. दुसरं असं की भाऊजींची फजिती होणार या कल्पनेने मला बरं वाटलं. चौथी नापास, चौथी नापास म्हणून त्यांनी मला भरल्या ताटावर हिणवलंय. मशीन विकलं जाणार आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं. ते तुझ्या पत्रात कळलं.

हे पत्र त्यांना वाचून दाखव, आईसमोर दाखव. माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत ते. म्हणतील, साला जळतो. मग त्यांना एवढंच विचार, की त्या दिवशी तुमच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता, ती हातात घेऊन एका पायावर उभं राहून तुम्ही वाढसाहेबाला हो हो म्हणत होतात की नाही? हे त्यांनी तुला सांगितलेलं नसणार. मी कुठून पाहिलं, ते त्यांना मग आपोआप कळेल.

ऑफिसातल्या फळ्यावर पुढच्या आठवड्यात तुमचं गाव लिहिलंय. गाडी गुरुवारी सुटेल. मी तिच्यात नसेन, मी बुधवारीच माझ्या तिकिटाने येतो. म्हणजे इथलं काम सुटलं, तेव्हा मला चार दिवस जेवायला घालावं लागेल, आणि भाऊजींना ते बघावं लागेल. तोवर मशीन घेऊन जायला कुणी आलं तर त्यावर एखाद्याचं अर्धं शिवलेलं कापड लावून बस. उठू नको. भाऊजी काय वाटेल ते बोलोत, मी येईपर्यंत उठू नको.

त्यांनी मोजलेला आणि न ओळखलेला,
तुझा धाकटा